तांब्याभर पाणी मागा!

परवा संध्याकाळी चिपळुणात धो-धो पाऊस. लेकीची इलेक्ट्रिक सायकल घेऊन बाजारातून येत होतो. अंधारून आलं म्हणून हेडलाइट लावायला गेलो, तर लागेचना. तिला बटणच नाही. हँडलवर गुळगुळीत काच, तिच्यावर बोट टेकवायचं. बोट ओलं, काच ओली. दिवा राहिला बाजूला, थेंब पडून मोटरचा जोर मात्र एकाचा तीन झाला! समोरून एसटी. कसाबसा कडेला थांबलो.

यात चमत्कार काही नाही. आपल्या अंगातून वीज वाहते, म्हणून बोट टेकलं की काचेखालच्या यंत्राला कळतं. पावसाच्या पाण्यातूनही वाहते. त्याला थेंब काय नि बोट काय!

दुकानदार म्हणतो, बटणाच्या फटीतून पाणी शिरतं, काचेतून नाही. खरंय. पण स्कूटरचं हॉर्नचं बटण वर्षानुवर्षं भिजतंयच की.

युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६च्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपरला हाताला लागणारं बटण किंवा दांडी मागितलीय. तेही बंद काचेच्या कारसाठी! आपल्याकडे २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या सायकलला लायसन नाही, नोंदणी नाही. म्हणजे ती चालवणार कोण, तर क्लासला जाणारी पोरं. बाकी काय हवं ते टच करा, पण दिवा आणि हॉर्नला बटण सक्तीचं करा.

तोवर सायकल घ्यायला जाल तेव्हा तांब्याभर पाणी मागा, हँडलवर ओता आणि म्हणा, आता लावून दाखवा दिवा.