गळा आणि हिरवे ठिपके

आमच्या सौभाग्यवतींचा आवाज बसला, तेव्हा पहिले दोन दिवस घरात जी शांतता नांदली तिच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. संसार अजून करायचा आहे. तिसऱ्या दिवशी मात्र त्या शांततेचीच भीती वाटू लागली. ती शाळेत शिकवते. आवाज गेलेली मास्तरीण म्हणजे बैल गेलेली गाडी.

आमचा भाचा संगणकातला. म्हणाला, "मामा, गळ्यावरचा ताण हल्ली कॅमेऱ्याने मोजतात!" त्याने मोबाइल उभा केला, घोगऱ्या मामीला एक धडा वाचायला लावला, आणि पडद्यावर तिच्या हनुवटीवर, मानेवर, खांद्यांवर हिरवे ठिपके नाचू लागले. खांदे चढले, मान पुढे आली, की ताण. निकाल लागला : "ताण नगण्य." यावर मामी जे पुटपुटली ते ठिपक्यांना ऐकू आलं नाही, हे भाच्याचं नशीब.

मी विज्ञानाचा वैरी नाही. आखडलेले खांदे हे ताणाचं लक्षण खरंच. पण बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा थरथरतात. भाच्याचा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो, आणि तीही वरच्या कातडीची! १८५४ साली मान्वेल गार्सियाने दंतवैद्याचा आरसा घशात धरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. तो डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. पण त्याला एवढं कळत होतं, की गळा पाहायचा तर आत पाहावा.

आणि हालचाल म्हणजेच ताण म्हटलं, तर भीमसेन जोशींना पहिल्याच तानेला इस्पितळात हलवावं लागलं असतं! उलट, तीस वर्षं वर्गात ताठ उभं राहिलेल्या बाईचा घसा आतून सोलवटला, तरी ठिपका जागचा हलत नाही.

माझं भांडण पुढेच आहे. उद्या हाच निकाल शाळेत दाखवला, तर रजा नामंजूर! कमरेला बांधायचा लहानसा लाउडस्पीकर मागितला तेव्हा पैसे नव्हते. ताण नसल्याचा दाखला मात्र फुकट मिळतो.

भाच्याला म्हटलं, "बाबा रे, दिवाणखान्यात श्रोता मी एकटा. कॅमेरा वर्गाकडे वळव. ६० पोरं, तीन कुरकुरणारे पंखे, खिडकीबाहेर एस.टी.चा थांबा, एवढं मोज. ताण बिनठिपक्यांचा दिसेल."

तूर्त आम्ही घरात खुणांनी बोलतो. भांडतोसुद्धा खुणांनीच. तेव्हाच्या आमच्या हालचाली कॅमेऱ्याने पाहिल्या, तर दोघांनाही तो जन्मभर मौन सांगेल.