उसनी वंशावळ

आपला कुत्रा फॅरोंच्या दरबारातून आला, हे माल्टाच्या शेतकऱ्याला विसाव्या शतकात परक्यांनी सांगितले. तोवर त्याच्या लेखी तो 'कॅल्ब ताल-फेनेक', म्हणजे सशांचा कुत्रा होता. ताठ कान, तांबूस अंग, पिंगट डोळे. इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांशी हे रूप जुळते खरे. ब्रिटिश हौशी मंडळींनी तेवढ्यावर वंशावळ बेतली. 1977 मध्ये श्वानसंघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 'फॅरो हाउंड' याच नावावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी माल्टाने मात्र त्याला स्वतःच्या चांदीच्या नाण्यावर बसवले.

चेहऱ्यावरून गोत्र ठरवण्याचा हा प्रकार 2004 मध्ये उघडा पडला. 'सायन्स' नियतकालिकातल्या 85 जातींच्या जनुकीय तुलनेत बसेंजी, सालुकी या जाती सर्वांत जुन्या शाखेत निघाल्या. फॅरो हाउंड त्या शाखेत नव्हता. खरे तर प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नव्हती. बिळात राहणारा ससा मूळचा आयबेरियाकडचा (आपल्या माळावरचा ससा वेगळा, तो बीळ करत नाही). फॅरोंच्या इजिप्तमध्ये तो नव्हताच. मग त्याच्यामागे लागण्यात मुरलेला कुत्रा तिथे घडला कसा?

तो घडला माल्टाच्या दगडी बांधांत. आबेला या इतिहासकाराने 1647 मध्येच इथल्या ससेशिकारी कुत्र्यांची नोंद केली. खडकाळ, चढउताराच्या मुलुखासाठी त्यांना पार फ्रान्समधून मागणी होती. शिकार बहुधा रात्री होई. कुत्रा बांधातल्या फटी हुंगत, कान टवकारत जाई आणि ससा सापडला की भुंके. मग फटींवर जाळी लावून गळ्यात घुंगरू बांधलेला फेरेट (मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) आत सोडायचा. घुंगराच्या आवाजावरून आतली हालचाल वर कळे. ससा बाहेर पडला की जाळ्यात, निसटला तर कुत्र्याच्या तोंडात. गरिबाच्या ताटातले हे मांस राज्यकर्त्यांच्याही डोळ्यांवर येई. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सच्या संघाचा प्रमुख, ग्रँडमास्टर शिमेनेस याने शिकारीवर निर्बंध आणले. 1775 च्या पाद्र्यांच्या बंडामागच्या असंतोषात तोही एक निखारा होता.

हा इतिहास थडग्यातल्या चित्रांपेक्षा मला जास्त भारी वाटतो, आणि कुत्रा घरी आणणाऱ्याच्या उपयोगाचाही आहे. राजवाड्यातला ऐटबाज प्राणी म्हणून आणाल, तर पहिल्याच आठवड्यात पस्तावाल. स्वतःच्या बुद्धीने बिळे शोधणाऱ्याला हाकेसरशी परतायची सवय कशी असणार? मांजर दिसले की मालक विसरला. कुंपण उंच हवे, मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. अंगावरची लव आखूड, म्हणून थंडीत अंथरूण-पांघरूण लागते. खुशीत आला की नाक-कान गुलाबी होतात. पाहुण्यांना दाखवायला हे छान.

श्वानसंघांनी जातीच्या माहितीपत्रकातले पिरॅमिड काढून टाकावेत आणि तिथे आबेलाची नोंद, जाळी आणि फेरेट यांना जागा द्यावी. पिल्लू घेणाऱ्याला निदान कळेल, की भिंतीच्या फटीपाशी तासभर खोळंबणे ही त्याच्या कुत्र्याची खोड नसून पिढीजात कामधंदा आहे.