चार्ली ब्राउनला हरायची मुभा आहे

आमच्या घरी पेपर एक दिवस उशिरा यायचा. वडील कचेरीत शिपाई होते. साहेबांचा वाचून झालेला पेपर ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीतून घरी आणायचे. बातम्या तोवर शिळ्या झालेल्या असायच्या, पण 'चिंटू' शिळा होत नसे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 साली 'सकाळ'मध्ये सुरू केलेल्या या चित्रमालिकेसाठी मी आणि माझा भाऊ पेपरची ओढाताण करायचो. चिंटूच्या शेजारी जोशी काकू राहायच्या. आमच्या वस्तीतली आडनावं मला त्या कॉलनीत कधी भेटली नाहीत. याचा तेव्हा राग आला नाही, कारण ते लक्षातच आलं नव्हतं. आम्ही फक्त हसायचो.

आज मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आणि पेपरातल्या चित्रपट्ट्या अजूनही आवडीने वाचते. चळवळीतले मित्र विचारतात, एवढे प्रश्न समोर असताना हे काय घेऊन बसलीस? हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी कलेबद्दल. चित्रपट्टीला रोज मिळते ती तीन-चार चौकटींची, बोटभर उंचीची जागा. पहिल्या चौकटीत प्रसंग उभा राहतो, दुसरीत आशा वाढते, तिसरीत बऱ्याचदा कुणी काहीच बोलत नाही आणि शेवटच्या चौकटीत सगळं कोसळतं. ती तिसरी, मुकी चौकट सगळ्यात अवघड. भुवईची एक रेघ जराशी वाकते आणि आपल्याला हसू येतं. चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' ही मालिका ऑक्टोबर 1950 पासून फेब्रुवारी 2000 पर्यंत चालवली. सतरा हजारांहून जास्त पट्ट्या, आणि चित्रं काढायला मदतनीस एकही नाही. म्हातारपणी त्यांचा हात थरथरू लागला. शेवटच्या वर्षांतल्या रेषेत ती थरथर दिसते आणि त्या पोरांना ती शोभूनही दिसते.

'पीनट्स'चा नायक चार्ली ब्राउन रोज हरतो. त्याचा पतंग झाडात अडकतो, त्याची बेसबॉलची टीम हरते. लूसी फुटबॉल धरून बसते, तो लाथ मारायला धावत येतो, ती ऐनवेळी बॉल काढून घेते आणि हा पाठीवर आपटतो. हे वर्षानुवर्षं चालतं. तो आपटणार हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण वाचतो, कारण पुढच्या वेळी तो पुन्हा धावणार असतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'पीनट्स'चे खंड वाचताना मला एक गोष्ट खटकली. चार्ली ब्राउन हरतो तेव्हा एकटा हरतो. 'यांच्यातली पोरं अशीच' असं कुणी म्हणत नाही. त्याचं अपयश त्याचं स्वतःचं आहे.

एम.ए.ला असताना एका सेमिनारमध्ये मी दोन विचारवंतांची नावं एकमेकांच्या जागी घेतली. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "कॅटेगरी." दोन आठवड्यांनी एका सवर्ण वर्गमित्राने जवळपास तशीच चूक केली. त्याचा किस्सा झाला. मेसमध्ये तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि मीही त्यावर हसले. चूक तीच होती. त्याच्या वाट्याला विनोद आला, माझ्या वाट्याला जात. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

इथे मला फ्रँकलिन आठवतो. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच हॅरिएट ग्लिकमन या कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहिलं की तुमच्या पोरांमध्ये एखादं काळं मूल असू द्या. आपण उपकार करतोय असं दिसेल, ही शुल्झ यांची भीती होती. पत्रव्यवहार चालू राहिला आणि 31 जुलै 1968 रोजी समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन नावाचा मुलगा चार्ली ब्राउनचा हरवलेला बॉल परत घेऊन आला. दोघांनी वाळूचा किल्ला बांधला. एवढंच घडलं, पण पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर शाळेत दिसला तेव्हा दक्षिणेतल्या एका संपादकाने हरकत घेतली. शुल्झ यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मला फ्रँकलिनबद्दल कृतज्ञता वाटते आणि वाईटही वाटतं. लायनसला दुलई सोडवत नाही, लूसी भांडकुदळ, श्रोडर पियानोवेडा. फ्रँकलिन मात्र समंजस, सभ्य, गुणी. त्याला धड एक खोडसुद्धा नाही. त्याला प्रवेश मिळाला, पण वेडेपणा करायची मुभा मिळाली नाही. आपल्यातल्या कित्येकांना ही अवस्था ओळखीची वाटेल. वर्गात, ऑफिसात आपल्याला सतत आदर्श असावं लागतं, कारण आपल्या एका चुकीचा हिशोब सगळ्या समाजाच्या खात्यावर मांडला जातो.

खोडकर पोरं काढली ती मॉरी टर्नर या काळ्या चित्रकाराने. त्यांची 'वी पॅल्स' ही मालिका 1965 साली सुरू झाली. सुरुवातीला मोजकीच वर्तमानपत्रं ती छापत. किंग यांच्या हत्येनंतर हा आकडा शंभराच्या वर गेला. लोकांना काळी मुलं पाहायची आठवण कधी झाली, हे त्यावरून कळतं. त्यांचा निपर हा काळा मुलगा डोळ्यांवर येणारी टोपी घालून हिंडतो, आणि ती टोपी असते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याची. असा विनोद बाहेरच्या माणसाला सुचला असता का? सुचला असता तरी शोभला नसता.

व्यंगचित्रांकडे आपण संशयाने पाहतो, त्याला कारण आहे. उन्नमती श्याम सुंदर यांनी 'नो लाफिंग मॅटर' (2019) या पुस्तकात 1932 ते 1948 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं एकत्र केली आहेत. ती पाहिली की कळतं, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत हसणारे कोण होते आणि हसं कुणाचं होत होतं. पण म्हणून हसण्याची जागाच सोडून द्यायची का? पेपरात आपण अत्याचाराच्या बातमीत असतो, जयंतीच्या पुरवणीत असतो. त्या बातम्या यायलाच हव्यात. पण चित्रपट्टीच्या त्या बोटभर जागेत, जिथे माणूस नुसता माणूस म्हणून वेंधळेपणा करतो, तिथे आपण नसतो. जो कायम पीडित किंवा कायम थोर असतो, त्याला बरोबरीचा कुणी समजत नाही. बरोबरीच्या माणसाच्या फजितीवर आपण हसतो आणि त्याच्यासाठी बाजूला जागाही करतो.

आपल्यात चित्रं काढणारी पोरं खूप आहेत. बाबासाहेबांचं चित्र तर ती काढतातच. त्यांना माझं सांगणं आहे की आता वस्तीतलं एक पोरगंही काढा. त्याला गणितात भोपळा मिळू द्या. विहारात वंदना चालू असताना त्याला डुलकी लागू द्या. नळावर भांडून त्याची कळशी रिकामीच घरी येऊ द्या. आणि शेवटच्या चौकटीत त्याने कुणाला काहीही शिकवू नये.