असेंब्लीच बदला, सर!

स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून कुत्र्याचं पिल्लू रडावं तसा आवाज. सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या पोराने बॉनेट न उघडताच निदान केलं, "पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला, सर. असेंब्लीच बदलावी लागेल." लेबर धरून १८,००० रुपये. पंपात नेमकं काय गेलं, असं विचारलं तर मी त्याचा पगार विचारल्यासारखा बघत राहिला!

आता गंमत बघा. उद्या ऑफिसात मी म्हटलं, "लॉगिन चालत नाही, अख्खा सर्व्हर नवा घ्या," तर मॅनेजर हाकलून देईल. आधी लॉग वाच म्हणेल. आणि तोच मॅनेजर (आणि मीही) शनिवारी गॅरेजमध्ये मुकाट्याने कार्ड पुढे करतो.

या वेळी नाही केलं. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, टाकीतलं तेल मोठ्या सिरिंजने उपसलं, बेल्ट सैल करून उतरवला. पंपाला नळ्या दोनच. एक टाकीतून तेल आणणारी जाड, दुसरी दाबाने तेल रॅककडे नेणारी. दाबाच्या नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात, ते जुने परत घालायचे नाहीत, गळतात. मग माउंटिंगचे बोल्ट, आणि पंप हातात! पुली फिरवली, शाफ्टला खेळ नाही, सील कोरडं. पंप ठणठणीत. तेल आत येतं त्या तोंडाशी असलेली रबराची ओ-रिंग तेवढी वाळून कडक झालेली. त्या फटीतून पंप तेलाबरोबर हवा ओढत होता, तेलाचा फेस होत होता, म्हणून ही रडारड. म्हणजे पंप काढायचीही गरज नव्हती. (हसा, हसा.)

नाना पेठेत रिंग ४० रुपयांना मिळाली. दुकानदाराने जुनी रिंग बोटात फिरवून विचारलं, "तेलातली आहे ना? मग ही न्या, साधं रबर फुगतं." टाय नव्हता बिचाऱ्याला.

मित्र म्हणतात, तुझ्या तासाचा दर काढ, ६ तासांनी गुण, १८,००० परवडतात. बरं. मग दिवसभर मॅच बघतोस त्याचंही बिल लाव की! दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की स्टिअरिंगशी खेळ नको. पण पंप बंद पडला तरी स्टिअरिंग आणि चाकं यांचा यांत्रिक सांधा शाबूत असतो. गाडी वळते, दंड दुखतात. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका, एअरबॅगला तर मुळीच नको, हे मान्य.

माझा राग १८,००० वर नाहीये. त्या पोराला बॉनेट उघडायला कुणी सांगितलंच नाही, त्याला पार्टचा भाव पाठ करायला लावलाय. आणि "नेमकं काय बिघडलं?" या एका प्रश्नावर ज्यांचं घर चालतं ते आपण, काउंटरच्या अलीकडे उभे राहिलो की तो प्रश्न विसरतो. का, तर नखात काळं जाईल म्हणून. नव्या गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी हा पंपच नाही, विजेची मोटर आहे. तिथे रिंग शोधायला जागाच नाही, त्यामुळे "असेंब्लीच बदला" आणखी जोरात ऐकू येणार.

असो. झाकणावर लिहिलं होतं तेच तेल भरलं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत बसलो, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मग चावी फिरवली. आवाज गेला.

सोमवारी फोन आला, "सर, पंप मागवून ठेवू का?"