भुताच्या सीडीची निगा

मैत्रिणींनो, ‘महल’ (१९४९), ‘मिस्टर इंडिया’ (१९८७), ‘झपाटलेला’ (१९९३) अशा भयपट-विज्ञानपटांच्या सीडी-डीव्हीडी घरात कुणी हौसेने जमवल्या असतील, तर त्या अडगळीत टाकू नका. पांढरकवड्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे! खिडकीशी ठेवलेली सीडी वाकण्याची भीती. घरी भरून घेतलेली असेल, तर उन्हाने तिचा रंगाचा थरच बिघडतो. म्हणून कपाटात, डबीत उभी ठेवावी. कडेनेच धरावी. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल मुळीच नको. चित्रपटाचा माग गोल असतो. त्याला छेदून गेलेला बारीक ओरखडा यंत्र सांभाळून घेतं, मागाबरोबर गेलेला मात्र नडतो. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), त्याची एकही प्रत आज सापडत नाही. मग घरातली भुतं तरी जपायला नकोत का?