‘सगळं ठीक आहे’ म्हणजे काय?

चंद्रपूरच्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य मला वारंवार ऐकू येतं. साखर वाढलेली असते, पाय सुजलेले असतात आणि आई म्हणते, “पोराले सांगू नका जी, तिकडं एकटाच घोर लावून घेईल.”

असाच एका आजींचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आला आणि मला भेटला. म्हणाला, “डॉक्टर, आई तीन दिवस दवाखान्यात भरती होती हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मग रोज फोनवर मी बोलत होतो ते काय?” थोडं थांबून त्यानंच सांगितलं, की त्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती, झोप उडाली होती. ते त्यानंही घरी सांगितलं नव्हतं.

दोघांनीही मायेपोटीच लपवलं. पण माझं स्पष्ट मत आहे, की नात्यात अंतर पडतं ते किलोमीटरमुळे कमी आणि या लपवाछपवीमुळे जास्त. रोज बोलूनही माणूस एकटा पडतो, कारण खरं काहीच बोललं जात नाही.

आपल्या भागाला दूर जाणं नवं नाही. गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. कष्ट खूप, हाल खूप. पण ती टोळीनं जातात. ताप आला तर शेजारच्या झोपडीत लगेच कळतं. परदेशातल्या मुलाला अशी टोळी नसते, आणि मुलं गेल्यावर मागे राहिलेल्या आईवडिलांनाही बरेचदा नसते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि स्मरणशक्ती कमी होणं यांचा धोका त्यामुळे वाढतो. शिवाय एकटा माणूस जेवण टाळतो, गोळ्या चुकवतो, तपासणी पुढे ढकलतो.

मग काय करावं?

आईवडिलांनी बीपी, साखर यांचे आकडे मुलांना जसेच्या तसे सांगावेत. अर्धवट माहितीनं काळजी जास्त वाढते. मुलांना एखादं काम द्या: रिपोर्ट वाचणं, गोळ्यांची आठवण करणं. त्यातून आपण अजून घरचेच आहोत हे त्यांना जाणवतं.

मुलांनी “जेवलीस का?” एवढ्यावर थांबू नये. “या आठवड्यात काय दुखलं?” असं विचारा आणि आपलंही दुखणं सांगा. रविवारी रात्री ८ ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी, निवांत बोला. गावातल्या एका शेजाऱ्याचा आणि डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. भारतात टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही. परदेशातल्यांनी तिथल्या डॉक्टरांकडे जावं.

त्या आजी आता फोनवर साखरेचा आकडा सांगतात. मुलगा रागावतो, त्याही रागावतात. मला ते भांडण ‘सगळं ठीक आहे’पेक्षा कितीतरी निरोगी वाटतं.