पदवी निवडताना उपकेंद्र विसरू नका

बी.एससी. नर्सिंगचे निकाल लागले की महाड-पोलादपूरकडच्या घराघरांत एकच खल सुरू होतो : आता पुढं काय? वडीलधाऱ्यांचं मत ठरलेलं असतं. एम.एससी. करावी, कुठल्या तरी कॉलेजात शिकवायला लागावं, रात्रपाळी तरी सुटेल. मैत्रिणींपैकी निम्म्या परदेशी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत असतात. एखादीच म्हणते, ‘मला इथंच राहून पेशंट बघायचेत.’ आजचा लेख त्या एखादीसाठी.

अमेरिकेत अशा मुलीला आखलेली वाट आहे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. पुढं त्याच वाटेनं फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आली. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत घरातल्या सगळ्यांना ती तपासते, निदान करते, औषधही लिहून देते. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर हे नाव आलं ते आयसीयूसाठीच्या दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमात आणि बाळंतपणाच्या क्षेत्रात. अख्ख्या कुटुंबाकडे बघणारी परिचारिका मात्र या दोन्हींच्या मधे राहून गेली.

आणि आपल्याला गरज नेमकी तिचीच आहे. घाटाखालच्या कुठल्याही वाडीत जा. कर्ती माणसं मुंबईला, घरात म्हातारी आणि शाळकरी पोरं. बीपी, शुगर, गुडघे, मधूनच विंचू किंवा साप. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात गेलं. रस्ता तुटल्यावर वाडीला आधार उरतो तो जवळच्या आरोग्य उपकेंद्राचा.

विंचवाचं उदाहरण तर आपल्याच मातीतलं. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं डोळ्यांदेखत दगावत होती. बावस्कर रात्र रात्र खाटेशी बसले, नाडी आणि बीपी टिपत राहिले. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी लिहून काढला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी इथं जीव वाचवते, हे त्यांनी जगापुढं मांडलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी कामाला येते ती लक्षणं वेळेत ओळखली तर. पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय गाठायला जो वेळ जातो, त्याआधी रुग्णाच्या हातापायांना हात लावून बघणारी, बीपी मोजणारी आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगणारी कोणी तरी वाडीजवळ हवी.

मग शिकायचं काय? सध्या या कामाच्या सर्वांत जवळ जाणारी पदवी म्हणजे सामुदायिक आरोग्य परिचर्येतली एम.एससी. दोन वर्षांची आहे आणि प्रवेशासाठी वर्षभराचा अनुभव लागतो. हा अनुभव कुठल्याही खासगी इस्पितळाचं प्रमाणपत्र मिळवून उरकू नका. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात काढा. तिशीपुढच्या माणसांची तपासणी, ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी सल्लामसलत, घरोघरचा पाठपुरावा हे सगळं तिथं अंगवळणी पडतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा संलग्नता आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासाच, पण तेवढ्यावर परतू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, ‘गेल्या महिन्यात तू स्वतः किती माणसं तपासलीस?’ तिनं प्राथमिक आरोग्य केंद्र, वाड्या, रुग्ण यांबद्दल सांगायला सुरुवात केली तर बसा. सेमिनार, फायली आणि पोस्टर स्पर्धा एवढंच ऐकू आलं तर उठा. शिकवणाऱ्या मॅडम शेवटच्या कधी ओपीडीत बसल्या होत्या, तेही विचारा. शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं नाव प्रमाणपत्रावर शोभतं. पण डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे तसं खेड्यातच उभं असलेलं इस्पितळ कॉलेजच्या पाठीशी असेल, तर तुम्हाला पुढं जे रुग्ण बघायचेत तेच शिकताना समोर येतात.

आता कडू भाग. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद कंत्राटी. दरमहा २५ हजार आणि कामगिरीनुसार जास्तीत जास्त १५ हजार. मानधन पदाचं, पदवीचं नव्हे. त्यामुळं एम.एससी. झालेली मुलगी हिशेब करते आणि कॉलेजात शिकवायला जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णसेवा शिकवणाऱ्या पदवीनं मुलींना रुग्णांपासूनच दूर न्यावं, ही व्यवस्थेची चूक आहे. ती सुधारायला कायद्यात वाट आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्यसेवा देणाऱ्यांना औषधं देण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला जोरदार विरोध केला. त्यांची भीती निराधार नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हाती औषधं देऊ नयेत, हे खरंच. पण चार वर्षांची पदवी, उपकेंद्रावरचा अनुभव आणि वर दोन वर्षांची एम.एससी. असलेल्या मुलीला अर्धवट म्हणायचं कसं?

म्हणून मागणी सरळ आहे. डोंगरी तालुक्यांत उपकेंद्रासाठी तीन हजार लोकसंख्येचा निकष आहेच. अशा उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्यात एम.एससी. झालेल्यांसाठी कायम पदं काढा, त्यांना वेगळी वेतनश्रेणी द्या आणि ठरावीक औषधं डॉक्टरांच्या लेखी नियमावलीखाली देण्याचा अधिकार द्या. सुरुवात महाड-पोलादपूरपासून करा. आणि मुलींनो, शासन हे करेल तेव्हा करेल. तोवर कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीशी बोलल्याशिवाय प्रवेश अर्जावर त्या कॉलेजचं नाव लिहू नका.